आपोआप उमटलेला चंद्र

टायपिंग क्लास बंद पडून बारा वर्षं झाली, तरी त्या हॉलच्या भिंतीवर ‘बोटांकडे पाहू नका’ ही पाटी अजून तशीच होती. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास त्या पाटीखाली दीडदोनशे माणसं पाण्याच्या बाटल्या घेऊन दाटीवाटीने उभी होती. बोटांकडे काय, कुणी शेजाऱ्याकडेही पाहत नव्हतं. सगळ्यांचे डोळे समोरच्या फोटोवर खिळले होते.

फोटो चांगला पुरुषभर उंचीचा. काळंभोर आकाश, वर डावीकडे एक तांबूस चंद्र आणि त्याची डावी कड पांढरीफटक उजळलेली. त्याच्यापासून अंतर राखून, खाली उजव्या हाताला, दुसरा चंद्र. फिकट, हिरवट, नुसती कोर, आणि तीही उलट्या बाजूला वळलेली. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ‘आपोआप उमटलेला चंद्र’.

फोटोशेजारी पांढऱ्या सदऱ्यात, कॉलरला माईक अडकवून चांदणबाबा उभा होता. पाच वर्षांपूर्वीपर्यंत हा गृहस्थ दारोदार फिरून पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. यंत्रं सुटली, पण जिभेची सवय काही सुटली नाही.

“एक चंद्र ग्रहणात सापडला. बरोबर?” बाबाने विचारलं.

“बरोबर,” हॉल म्हणाला.

“मग हा दुसरा का नाही सापडला? कारण हा बाहेरचा नाहीच. हा आतला आहे. याला ग्रहण लागत नाही, आणि याच्या उजेडात ठेवलेल्या पाण्यालाही नाही. आता तुम्ही म्हणाल, बाबा, सायन्स काय म्हणतं? सायन्स म्हणतं, पाण्याला मेमरी असते. अहो, तुमच्या मोबाईलला मेमरी आहे, मग पाण्याने काय घोडं मारलंय? सात टप्प्यांत काम होतं. पहिल्या टप्प्यात चांदणं पाण्यात उतरतं. दुसऱ्यात जडपणा खाली बसतो. तिसऱ्यात...”

सातव्या टप्प्यापर्यंत सांधेदुखी, अर्धशिशी, साखर आणि डोळे असं सगळं बरं झालं. पाणी फुकट होतं, बाटली मात्र इथूनच घ्यावी लागे, कारण घरच्या बाटलीला घरची मेमरी असते.

हे सगळं शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून एक चोपन्न वर्षांचा माणूस ऐकत होता. इस्पितळात एक्स-रे काढायचं काम तो तीस वर्षं करत आला होता. ‘श्वास घ्या, धरा, सोडा’ हे तो दिवसातून साठ वेळा म्हणायचा, म्हणून इस्पितळात त्याला श्वासधरे म्हणत. आता तेच आडनाव असल्यासारखं झालं होतं, पगाराच्या पाकिटावरही एकदा चुकून तेच आलं होतं. श्वासधरे तिथे एवढ्याचसाठी आले होते की तो फोटो त्यांनी काढला होता, आणि तो हॉलमध्ये लावलाय असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. थोडं बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगा. सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

मग तिसऱ्या रांगेत त्यांना ताई दिसली. दोन हातांत दोन बाटल्या.

ताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच कपडे शिवून घर चालवलं, आणि श्वासधऱ्यांचं शिक्षणही त्याच मशीनवर झालं. अजूनही ती घरी बसून पँटी आखूड करून देते, चेन बदलून देते. चार वर्षांपूर्वी तिला काचबिंदू असल्याचं कळलं. तेव्हापासून दोन्ही डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे, ते जन्मभर. थेंबांची बाटली दर महिन्याला श्वासधरेच इस्पितळातून आणून देत. गेले तीन महिने ती म्हणत होती, “राहू दे, आहेत अजून.”

जिन्यात त्यांनी तिला गाठलं.

“ताई, थेंब चालू आहेत ना?”

ताईने बाटल्या खाली ठेवल्या. “बंद केले.”

“कधी?”

“तीन महिने झाले. आता ओरडू नकोस, लोक बघतायत. मला खूप बरं आहे. ते थेंब घातले की डोळे लाल व्हायचे, चुरचुरायचे. आता बघ, कसे स्वच्छ आहेत. या पाण्याने सकाळी धुते, बस. आणि नजर म्हणशील तर सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो.”

“अगं, पण डॉक्टरांनी सांगितलंय ना, बंद करायचे नाहीत म्हणून?”

“डॉक्टर सांगतात. आणि फोटो कुणी काढला?” ताई शांतपणे म्हणाली. “दुसऱ्या कुणी काढला असता तर मी इथे पायसुद्धा ठेवला नसता. पण तू काढलास. तू लहानपणापासून खोटं बोलत नाहीस. पेपरात तूच सांगितलंस ना, तो आपोआप आला म्हणून?”

श्वासधऱ्यांनी एक बाटली उचलली, दुसरी तिने घेतली, आणि दोघं जिना उतरली. खाली पोचल्यावर ताईचा डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटला. “अरुंद आहे मेलं,” ती म्हणाली. दार चांगलं ऐसपैस होतं.

तर तो आपोआपचा किस्सा असा.

चार महिन्यांपूर्वीच्या त्या संध्याकाळी चंद्र उगवला तोच ग्रहणात. श्वासधरे आठ दिवस तयारी करत होते. सेकंडहँड कॅमेरा, त्याहून सेकंडहँड लांब लेन्स, आणि तिवई तर शेजारच्या फोटो स्टुडिओतून मागून आणलेली. गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमध्ये त्यांनी जागा धरली. कॅमेऱ्याला हात लागला की चित्र हलतं, म्हणून बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी आपला आपण फोटो निघेल असं लावून ठेवलं. चंद्राच्या कडेवर नजर रोखून लेन्सचं कडं केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवलं. आठच्या सुमाराला लाल चंद्र एका कडेने उजळू लागला आणि खरी पंचाईत सुरू झाली. उजळ कड नीट यावी म्हणून उजेड कमी घेतला, तर लाल भाग काळा पडे. लाल भाग यावा म्हणून जास्त घेतला, तर कड भाजून निघे. त्यांना लाल हवा होता. त्यांनी कडेवर पाणी सोडलं आणि दीड-दीड सेकंद उजेड आत घेतला. साठएक फोटो काढले, सर्दी झाली, आणि बायकोने दोन दिवस ऐकवलं ते वेगळंच.

त्यातला एक फोटो त्यांनी स्थानिक दैनिकाकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी बातमीदाराचा फोन आला तेव्हा श्वासधऱ्यांचे सतरा एक्स-रे झाले होते, बाहेर अकरा माणसं बसली होती, आणि टेबलावर एक पाय मोडलेले आजोबा कण्हत होते.

“फोटो फर्स्ट क्लास आहे हो. पण खाली हे दुसरं काय दिसतंय?”

“कुठे?”

“खाली उजवीकडे. कोर आहे एक.”

श्वासधऱ्यांनी ती कोर पाहिली होती. ती काय आहे, याचा विचार केला नव्हता. फोटोला शोभा आली होती, आणि तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं होतं.

“ते आपोआप आलंय,” ते म्हणाले आणि आजोबांकडे वळले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मथळा होता, ‘आपोआप उमटला दुसरा चंद्र’. इस्पितळात सगळ्यांनी पाठ थोपटली. मोठ्या डॉक्टरांनी नावानिशी हाक मारून अभिनंदन केलं, तीस वर्षांत पहिल्यांदा. दुरुस्ती करावी असं त्यांच्या मनात एकदा येऊन गेलं, नाही असं नाही. पण आपोआप नाही तर मग कसं, हे सांगता यायला हवं ना. ते शोधायचा त्यांना कंटाळा आला.

सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना भेटले. बाईंनी डबा बाजूला सारला आणि सगळं ऐकून घेतलं.

“बरं वाटतंय म्हणतात ना? वाटणारच,” बाई म्हणाल्या. “त्या थेंबांनीच डोळे लाल होतात. थेंब थांबले, लाली थांबली. पाण्याच्या जागी त्यांनी काहीही वापरलं असतं, तरी असंच वाटलं असतं.”

“आणि सुईत दोरा जातो म्हणते.”

“जाईल. मधली नजर शेवटपर्यंत राहते. आधी कडेची जाते. आणि जाते ते कळतसुद्धा नाही, दुसरा डोळा सांभाळून घेतो.” बाईंनी डब्याचं झाकण लावलं. “कुठे आपटतात का? चौकटीला, टेबलाला?”

श्वासधऱ्यांनी मान डोलावली.

“गेलेली परत येत नाही हो. थेंब उरलेली राखतात, एवढंच त्यांचं काम. त्यांना घेऊन या लवकर.”

घेऊन या म्हणणं सोपं होतं. संध्याकाळी ते ताईकडे गेले, बाईंनी सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं. ताईने ऐकलं, चहा दिला, आणि म्हणाली, “डॉक्टर असंच म्हणणार. तो दुसरा चंद्र खोटा आहे, असं तू म्हण. मग बघू.” श्वासधऱ्यांना तसं म्हणता येईना. खोटा तर तो असणारच, पण कसा, ते त्यांना ठाऊक नव्हतं. आणि कसा ते सांगितल्याशिवाय ताई हलणार नव्हती. लहानपणी गणिताचं नुसतं उत्तर लिहिलं तर तिने पाटी पुसून टाकलेली त्यांना आठवत होती.

उत्तर सापडलं ते बुधवारी, कामावर. एका तरुण मुलीच्या छातीच्या एक्स-रेत उजव्या बाजूला गोल, पांढरा, ठसठशीत डाग आला होता. मुलीची आई तो पडद्यावर बघून भिंतीला धरून उभी राहिली. श्वासधऱ्यांनी डागाकडे पाहिलं आणि सवयीने विचारलं, “गळ्यात काही आहे का? आणि शर्टाला बटण?” बटण होतं. शर्ट बदलून गाऊन घातला, पुन्हा श्वास घ्या, धरा, सोडा, आणि डाग गेला.

“घाबरू नका,” ते आईला म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात हजार वेळा म्हटलं होतं. “पडद्यावर दिसतं ते सगळं छातीत नसतं. काही मध्ये आलेलं असतं.”

आणि ते तिथेच थांबले. बाहेरून कुणीतरी “पुढचा नंबर का?” म्हणून दोनदा विचारलं.

मध्ये काय आलं होतं? घरी जाऊन त्यांनी ते साठ फोटो एकामागून एक उघडले. आजवर त्यांनी हे केलंच नव्हतं. एक आवडला होता, बाकीच्यांकडे कोण बघतं. आता बघितलं तर दुसरा चंद्र जवळजवळ सगळ्यांत होता, पण एका जागी नव्हता. खरा चंद्र चौकटीत डावीकडे असला तर तो उजवीकडे, खरा वर तर तो खाली. खरा चंद्र मधोमध आला की दुसरा गायब, म्हणजे त्याच्यावरच बसलेला. चौकटीच्या मध्यावर टाचणी टोचली असती, तर दोघं तिच्या दोन बाजूंना अगदी सारख्या अंतरावर सापडले असते. जो चंद्र फोटोग्राफरने कॅमेरा वळवला की पळतो, तो आकाशात असण्याची काही सोय नव्हती.

त्यांनी लेन्स हातात घेतली. तिच्या तोंडावर एक सपाट गोल काच बसवलेली होती. दुकानदाराने देताना बजावलं होतं, “हा फिल्टर कधी काढू नका, लेन्सला ओरखडा पडणार नाही.” श्वासधऱ्यांनी ते शब्दशः पाळलं होतं, ग्रहणातसुद्धा. उजळ कडेचा प्रकाश लेन्समधून आत गेला, कॅमेऱ्याच्या आत फोटो टिपणाऱ्या चकचकीत पाटीवर पडला, तिथून थोडासा उलटा परतला, त्या सपाट काचेच्या पाठीवर आदळला आणि पुन्हा आत आला, उलटा होऊन. भाजलेल्या कडेचंच ते फिकट प्रतिबिंब होतं. दारोदार पाण्याचे फिल्टर विकलेल्या माणसाला एका फिल्टरनेच बाबा केलं होतं, आणि मधला दलाल होता श्वासधरे.

त्यांना हसू यायला हवं होतं. त्याऐवजी फार थकल्यासारखं झालं. तीन महिने, आणि एक गोल काच.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटताच ते कॅमेरा घेऊन ताईकडे गेले. तिच्या शिवणाच्या दिव्यावरची टोपी काढली, बल्ब उघडा केला, खिडकीचा पडदा ओढला आणि कॅमेरा तिच्या हातात दिला.

“मला कशाला? मला यातलं काही कळत नाही.”

“काही कळायला नको. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघ आणि बल्ब डावीकडे घे.”

ताईने घेतला. पडद्यावर उजवीकडे एक छोटा हिरवट बल्ब दिसला. तिने कॅमेरा उजवीकडे वळवला, हिरवा बल्ब डावीकडे गेला. वर नेला, खाली गेला. बराच वेळ ती तेवढंच करत राहिली. मग श्वासधऱ्यांनी फिल्टरची काच फिरवून काढली.

“आता बघ.”

ताईने पाहिलं. हिरवा बल्ब नव्हता. “लाव परत,” ती म्हणाली. लावली, तो आला. “काढ.” काढली, गेला. असं चार वेळा झालं. मग तिने कॅमेरा मशीनवर ठेवला आणि शिवायला घेतलेली पँट उगाचच घडी करू लागली.

“म्हणजे काचेतला बिंदू होता तो,” ती म्हणाली. “काचबिंदूच. तुझ्या कॅमेऱ्याला झालेला.”

“हो.”

“आणि तू आपोआप म्हणालास.”

“म्हणालो. चुकलं माझं. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायची लाज वाटली.”

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. रागवायचं तिच्या मनात होतं, पण तेवढी ताकद तिच्यात उरली नव्हती. “थेंब आणलेस का?” तिने विचारलं. त्यांनी खिशातून बाटली काढली. तिने मान मागे टाकली, स्वतःच दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घातला आणि चुरचुर थांबेपर्यंत डोळे मिटून बसली. “मला सांगून झालं. आता तिथे सांग,” डोळे मिटूनच ती म्हणाली. “रांगेत माझ्या पुढे एक बाई असते, ती साखरेची गोळी सोडून बसलीये.”

तिथे सांगायला फारसे प्रयत्न करावे लागले नाहीत. पुढच्या रविवारी श्वासधरे हॉलमध्ये शिरले, तसं बाबाने त्यांना ओळखलं आणि पुढे बोलावून कॉलरचा माईक काढून त्यांच्या हातात दिला. “ज्यांच्या हातून हे घडलं ते आज आपल्यात आहेत. चंद्र कसा आपोआप आला, ते आता त्यांच्याच तोंडून ऐका.”

श्वासधऱ्यांना भाषण करता येत नव्हतं. त्यांनी खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या, हॉलमधला एकच बल्ब चालू ठेवायला सांगितला, आणि म्हणाले, “सगळ्यांनी मोबाईल काढा. कॅमेरा चालू करा. बल्ब पडद्यावर एका कोपऱ्यात घ्या. आता समोरच्या कोपऱ्यात काय दिसतं, बघा.”

एखादा मिनिट नुसती कुजबुज झाली. मग एकेक आवाज येऊ लागला. “आला.” “माझ्यात पण आला.” “हिरवा आहे, हिरवा.” “अगं, धर नीट, तुझ्यात पण येईल.”

“हे प्रतिबिंब आहे,” श्वासधरे म्हणाले. “मोबाईलच्या भिंगापुढेही काच असते. प्रकाश काचांमध्ये मागे-पुढे होतो आणि उलट्या बाजूला डाग पडतो. फोटोतला चंद्र हाच आहे. माझ्या लेन्सवर एक काच होती, ती मी काढली नव्हती. आकाशात त्या दिवशी एकच चंद्र होता.”

बाबाने हळूच त्यांच्या हातून माईक काढून घेतला.

“पाहिलंत?” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यापेक्षा गोड होता. “पाहिलंत ना? चार महिन्यांपूर्वी तो एका फोटोत आला होता. आज तो प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आला. मी म्हणत नव्हतो, तो आतला आहे म्हणून?”

टाळ्या पडल्या. चांगल्या जोरात पडल्या. श्वासधऱ्यांना तीस वर्षांत एक्स-रेतल्या एखाद्या बटणाने असं उलट उत्तर दिलं नव्हतं.

तेवढ्यात ताई पुढे आली. मोबाईल समोर धरून, एक डोळा बारीक करून ती तो हळूहळू वळवत होती.

“बाबा, तो मी म्हणेन तिथे जातो,” ती म्हणाली. “आता तुमच्या डोक्यावर आहे. हा बघा, आता त्या टायपिंगच्या पाटीवर. आणि आता दाराजवळच्या कचऱ्याच्या डब्यात बसवलाय. तुम्ही तिथून त्याला बाहेर बोलवा. माझा हात मी हलवत नाही.”

आधी एक जण हसला. मग सगळे आपापले मोबाईल वळवू लागले. कुणी चंद्र पंख्यावर बसवला, कुणी शेजाऱ्याच्या टकलावर, कुणी संडासाच्या बाणावर. बाबाने दोनदा “शांत व्हा” म्हटलं. बाहेर बोलावणं त्याला काही जमलं नाही.

“फोटो मला द्या,” श्वासधरे म्हणाले. “तो माझा आहे.”

“फोटो भक्तांचा आहे,” बाबा म्हणाला. “तर्काने पाहणाऱ्याला तर्कच दिसतो. सातवा टप्पा ज्यांना हवा असेल त्यांनी इकडे रांग करा.”

रांग झाली. निम्म्याने कमी झाली, हे खरं. पण निम्मी राहिली, हेही खरं, आणि जिना उतरताना श्वासधऱ्यांना त्या दुसऱ्या निम्म्याचंच ओझं वाटत होतं. ताई मागे थांबली होती. दहा मिनिटांनी खाली आली ती एका जाड बाईंचा हात धरून, आणि बाई विचारत होत्या की साखर तपासायला उपाशीपोटी यावं लागतं का.

दैनिकाने दुरुस्ती छापली. आठव्या पानावर, तीन ओळी, हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिरातीखाली.

त्यानंतरच्या मंगळवारी ताईच्या कडेच्या नजरेची तपासणी झाली. अंधाऱ्या खोलीत एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा आणि मधल्या टिंबाकडे पाहत राहायचं. आजूबाजूला कुठेही प्रकाशाचा बारीक ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. तपासणारी मुलगी अगदी नवीन होती, पण तिने नियम नीट सांगितला. “दिसला तर दाबा. दिसला नाही तर दाबू नका. वाटला म्हणून दाबू नका.”

श्वासधरे भिंतीशी उभे राहून ऐकत होते. उजव्या डोळ्याचं बटण टकटक वाजत राहिलं. डाव्याचं आधी वाजलं, मग थांबलं. यंत्र हलक्याशा खरखरीने ठिपके टाकतच होतं, ते कळत होतं. बटण वाजत नव्हतं. असा किती वेळ गेला कोण जाणे. आपणच जाऊन तिचं बोट दाबावं असं त्यांना वाटलं. मग पुन्हा एकदा टक वाजलं, आणि मग पुन्हा बराच वेळ काही नाही.

बाहेर आल्यावर बाकावर बसून ताईने डोळे पुसले. “मधेमधे फार वाटत होतं, दाबून टाकावं म्हणून,” ती म्हणाली. “तेवढाच रिपोर्ट बरा आला असता. ती मुलगी काही ओरडली नसती.”

“मग?”

“नाही दाबलं. दिसला नाही तर नाही दिसला. डॉक्टरांना खोटं दाखवून मी काय करू?”

रिपोर्ट आला. डाव्या डोळ्याच्या गोलात, कडेला, पाव भागाएवढा काळा डाग होता. श्वासधऱ्यांनी कागद धरला होता आणि तो त्यांना कुठे लपवता येत नव्हता. ताईने तो त्यांच्या हातून घेतला, दिव्याकडे धरला, थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे वळवून पाहिला. डाग जिथल्या तिथे होता.

“हा खरा आहे, की हाही काचेचा?” तिने विचारलं.

“खरा आहे, ताई.”

तिने कागदाची घडी केली. “सगळा या तीन महिन्यांतला?”

“सगळा नाही. पण किती यातला, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.”

“मग हे जसंच्या तसं सांगत जा लोकांना,” ताई म्हणाली. “माझं नाव घेतलंस तरी चालेल.”

हे सगळं इथे सांगायचं कारण तेवढंच आहे. पाणी कुणीही प्यावं, तहान सगळ्यांनाच लागते. पण चालू औषध बंद करायला कुणी सांगितलं, तर ज्याने ते औषध दिलं त्याला आधी विचारावं. काही आपोआप झालं असं कानावर आलं, मग ते पेपरात छापून आलेलं असो की सख्ख्या भावाने सांगितलेलं, तर कसं झालं एवढं एक विचारावं. आणि ज्याला विचारलं त्याला ठाऊक नसेल, तर त्याने माहीत नाही म्हणावं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, लाज वाटून गप्प राहिल्याने काय होतं ते ताईच्या रिपोर्टात आहे. उत्तर सापडेपर्यंत थेंब चालू ठेवावेत. ताईचे चालू आहेत, सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला, आणि डोळे थोडे लाल असतात.